न पाहिलेला पाऊण तास

माझ्या आवडीचा एक जुना मराठी सिनेमा आहे. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. तो आवडणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. ज्यांच्याशी भांडायचं होतं त्यांच्याशी माझं भांडून झालंय.

सिनेमा असा आहे. एका खेड्यात नवी नर्स येते. एसटीतून उतरते, हातात पत्र्याची ट्रंक, आणि टपावरून तिची सायकल खाली घेतात. बाई सायकलवर बसते हे बघून सगळं गाव हसतं. ती पांढरं पातळ नेसून, पाटाच्या कडेनं सायकल चालवत वस्त्यांवर जाते, लेकरांना डोस पाजते, बाळंतपणं करते. एक तरुण शेतकरी आधी तिची टिंगल करतो, मग तिच्यावर जीव लावतो, आणि मध्यंतराला दोघांचं लग्न होतं. शेवटी गावची जत्रा. तिच्या कडेवर मूल आहे, सासू हसतेय, नवरा पुढं आणि ती मागं अशी दोघं गर्दीतून चालत येतात आणि सिनेमा संपतो.

मध्यंतर आणि जत्रा यांच्यामध्ये काय घडतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या घरात मात्र सगळे सांगायचे, हिनं तो पिच्चर शंभर वेळा पाहिलाय.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माझं माहेर इंदापूरजवळ. आई मला आणि धाकट्या भावाला घेऊन इंदापूरच्या थेटरात दुपारच्या खेळाला गेली. भाऊ अंगावर पिणारा. मध्यंतरापर्यंत तो निजला होता. दिवे लागले, शेंगदाणेवाला ओरडत फिरला आणि तो जो उठला तो रडायलाच लागला. मागच्या बाया कुरकुर करायला लागल्या. आईनं तो माझ्या कडेवर दिला आणि म्हणाली, जा, बाहेर फिरव ह्याला. मी व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. आतून गाणं ऐकू यायचं, लोक हसलेले ऐकू यायचे. भाऊ झोपला तेव्हा मी आत आले तर जत्रा चालली होती. घरी येताना मी आईला विचारलं, मधी काय झालं गं? आई म्हणाली, काय न्हाय, सासवासुनांचं होतं.

मला ते खरं वाटलं. नर्सबाईचं येणं, तिची सायकल, तिची ऐट एवढी डोक्यात भरली होती की मधल्याचं मला काही वाटलंच नाही.

पुढं मी वडिलांच्या सायकलवर शिकले. मोठ्या माणसाची सायकल, नळीखालून पाय घालून, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे हूक. ढोपरं फुटली, पण आले. दहावी झाल्यावर वडिलांनी मला माझी सायकल घेऊन दिली आणि अकरावी-बारावी मी तिच्यावरून इंदापूरला जाऊन केली. आमच्या गावातली मी एकटीच. रस्त्यानं जाताना ताठ बसायचं हे मी त्या सिनेमातल्या बाईकडून घेतलं होतं. मला नर्सच व्हायचं होतं. बारावीनंतर फॉर्म आणला, भरला, आणि त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं.

सायकल माझ्याबरोबर पिंपळीला आली. तिथं ती मी एकदाच चालवली, घरापासून कालव्यापर्यंत आणि परत. सासरे कोणाला काही बोलले नाहीत. संध्याकाळी नवरा एवढंच म्हणाला, "हितं बरं न्हाय दिसत." त्यानंतर तिच्यावर दीर कॉलेजला गेला, नवऱ्यानं दूध वाहिलं, सालगड्यानं सुद्धा टायर झिजवले. माझ्या सायकलवर मी सोडून सगळे बसले. मी तेव्हा काही बोलले नाही. आज लिहिताना मला राग येतो, तो नवऱ्याच्या त्या एका वाक्यापेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याचा.

मुलगी झाली त्या वर्षी आमच्या घरात टीव्ही आला. शनिवारी चार वाजता मराठी सिनेमा लागायचा. एका शनिवारी अचानक ती एसटी, ती ट्रंक, ती सायकल पडद्यावर आली आणि मी लेकीला मांडीवर घेऊन तिथंच जमिनीवर बसले. मला रडू आलं. साडेपाचला लग्न लागलं. तेवढ्यात गोठ्यातून गाई ओरडायला लागल्या.

पाच गाई होत्या. धार मीच काढायची. दुसऱ्याचा हात त्यांना चालत नाही असं सगळे म्हणायचे. दुसऱ्या कोणाचा हात कधी लावूनच पाहिला नव्हता. डेअरीचं माप साडेसहाला बंद व्हायचं. मी उठले. पाऊण तासानं हात धुऊन आत आले तर जत्रा.

तो सिनेमा वर्षातून एकदा तरी लागायचाच. मग केबल आली, तिच्यावर कधी सकाळी लागायचा, तर त्या वेळी उसाला पाणी द्यायला गेलेल्यांची न्याहारी. दुपारी लागला तर पाहुणे. सीडी आली तेव्हा लेकीनं आणून दिली, तर मध्यंतराला लाइट गेली. मोबाईलवर लावला तर फोन आला नवऱ्याचा, उसाचं पाचट पेटलंय, पाण्याची घागर घेऊन ये. दर वेळी मी सुरुवातीपासून लावायचे आणि दर वेळी लग्नापाशी उठायचे. मधूनच लावून बघावा असं मनात आलं नाही, कारण मधलं मला माहीत आहे असंच मला वाटत होतं. सिनेमा पाहणं म्हणजे निम्म्यातून उठणं, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा राग यायलासुद्धा मला पन्नाशी ओलांडावी लागली.

मधलं मला माहीत कसं होतं, तेही सांगते. उसाच्या खुरपणीला आम्ही सहा-सात बायका असायचो. सरीत वाकून हात चालायचे आणि तोंडानं काहीतरी लागायचंच. मी सिनेमे सांगायचे. हा सगळ्यांच्या आवडीचा. पुन्हा सांग म्हणायच्या. पहिल्यांदा सांगताना लग्नापर्यंत आले आणि थांबले, तर शेजारच्या सरीतली म्हणाली, मग फुडं? तेव्हा मी पुढचं सांगितलं. नदीला पूर येतो. पलीकडच्या वस्तीवर एक बाई अडलेली आहे, तीच बाई, जिनं नर्सला गावात आल्या दिवशी सगळ्यांत जास्त नावं ठेवलेली असतात. नवरा म्हणतो जाऊ नको. ती सायकल डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून जाते. सासू काठावर कंदील धरून उभी राहते. दर वेळी सांगताना त्यात थोडं वाढायचं. दहा-बारा वर्षांनी ते माझ्या डोळ्यांसमोर असं दिसायला लागलं की मी ते पडद्यावर पाहिलंय याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही.

माझी लेक बांधावर बसून ते ऐकायची. मोठी झाली, नर्स झाली. बारामतीत एका दवाखान्यात लागली. तिथंच लग्न होऊन राहिली. जावई ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे, माणूस शांत, बोलणं मऊ.

दोन वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला. तो दहा महिन्यांचा झाला तेव्हा तिची रजा संपत आली. एका रविवारी दोघं त्याला घेऊन पिंपळीला आले. जेवणं झाली आणि जावयानं विषय काढला. त्यानं तो नीट, हळूहळू मांडला. बाळ लहान आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या असतात, सांभाळायला बाई ठेवायची तर भरवसा नाही, त्यापेक्षा तिनं दोन-चार वर्षं घरी थांबावं. लेक म्हणाली, दोन-चार वर्षांनी मला परत कोण घेणार आहे? जावई म्हणाला, तेव्हाचं तेव्हा बघू. लेक माझ्याकडं बघायला लागली. मी काही बोलणार तेवढ्यात माझा नवरा बोलला. पानाला चुना लावता लावता, हसत.

"अगं, तुझ्या आईच्या पिच्चरमधी तरी काय हाय? ती बी नर्सच की. नवरा तिची सायकल हिरीत टाकतो, नोकरी सुटती आन् मग संसार सोन्यासारखा हुतो. शेवटाला जत्रंत हासत्यात का न्हाय सगळी?"

मी म्हटलं, "असलं काय बी न्हाय त्यात."

"शंभर बारी बघितलाय की तू."

"म्हणूनच सांगते. पूर येतो. ती सायकल डोक्यावर घिऊन जाती."

नवरा मोठ्यानं हसला. "कुठला पूर? त्यात पूरच न्हाय."

जावईही हसला, थोडासा, पाहुण्यानं हसावं तसा. लेक हसली नाही. ती मला म्हणाली, "आई, पूर येतो ना?" मी म्हटलं, येतो. पण हे म्हणताना मी नवऱ्याकडं बघत होते. नवऱ्याच्या बोलण्यात जी खात्री होती ती थट्टा करणाऱ्याची नव्हती. ज्यानं पाहिलंय त्याची होती.

त्या दिवशी काही ठरलं नाही. ते दोघं गेले. मी तीन दिवस कोणाशी धड बोलले नाही. चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळची धार काढली, भाकरी करून ठेवल्या आणि नवऱ्याला सांगितलं, मी बहिणीकडं चालले, संध्याकाळी येईन. माझी धाकटी बहीण लोणी देवकरला राहते. तिथल्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, गुरुवारची तिला सुट्टी. तिचा नवरा टँकर चालवतो, तो आठवड्यातून दोनदा घरी. मी एसटीनं इंदापूर गाठलं आणि तिथून तिच्याकडं.

बहिणीला वाटलं भांडण होऊन आले. मी म्हटलं, भांडण व्हायचंय अजून. आधी मला एक सिनेमा बघायचाय, पुरा. तिनं विचारलं नाही का ते. तिच्या टीव्हीला इंटरनेट होतं, तिनं शोधून लावला. मी माझा मोबाईल बंद केला, तिला तिचा बंद करायला लावला आणि दाराला आतून कडी घातली. दुपारी बारा वाजता दोन बाया कडी घालून सिनेमा बघायला बसल्या. ती म्हणाली, "आक्का, चहा तरी करते." मी म्हटलं, उठायचं नाही.

लग्न लागलं. मध्यंतराची पाटी आली आणि गेली. माझ्या पायांनी सवयीनं उठायची तयारी केली होती, ते मला कळलं. मी बसून राहिले.

तर पुढचं असं आहे. ती लग्नानंतरही नोकरी करत असते. एका वस्तीवर बाळंतपणाला पहाटे जाते ते दुसऱ्या दिवशी दुपारी परत येते. घरी त्या दिवशी पूजा असते. सासू तोंड फिरवते. नवरा, तोच जो पहिल्या भागात तिच्या सायकलची घंटी वाजवत गाणं म्हणतो, तो अंगणातली सायकल उचलतो. ती मागं धावते. तो विहिरीच्या काठावर उभा राहतो आणि सायकल आत टाकतो. धप्प आवाज येतो. आणि मग, हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही, मग एक बेडूक उडी मारून काठावर येतो आणि त्या उडीला तबल्याची थाप दिलीय. पारावरचे दोन म्हातारे टाळी देऊन हसतात. म्हणजे ही गंमत आहे. नऊ वर्षांची मी व्हरांड्यात भाऊ घेऊन फिरत होते तेव्हा आतून जे हसणं ऐकू आलं होतं ते ह्याला होतं.

ती घरात येते, सासूच्या पायाशी बसते आणि म्हणते, माझं चुकलं, आता हे घर हाच माझा दवाखाना. मग ताक घुसळतानाचं गाणं. गाणं चांगलं आहे, चाल माझ्या तोंडात कायमची बसलेली, शब्द कधी नीट ऐकले नव्हते. मग डोहाळे, बारसं, जत्रा. जत्रेत ती पायी चालत असते. हा शेवट मी कितीदा पाहिला असेन. एवढ्या वेळा पाहून माझ्या मनात कधी आलं नाही की हिची सायकल कुठं गेली.

बहीण म्हणाली, "आक्का, पुराचं कुठंय?"

"न्हाय ते."

"मग तू सांगतीस ते?"

"माझं हाय ते."

तिनं रिमोट खाली ठेवला. मग म्हणाली, तू इतकं सांगितलं होतंस की मी कधी बघितलाच नाही. तू सांगितलेलाच मला बघितल्यासारखा वाटायचा.

मी तिला तो भाग पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. तीन वेळा मी ती सायकल विहिरीत जाताना पाहिली. पहिल्यांदा मला त्या नवऱ्याचा राग आला. दुसऱ्यांदा ज्यांनी तिथं तबला वाजवला त्यांचा आला. तिसऱ्यांदा मी त्या बाईकडं बघत होते. ती नटी चांगली होती. सायकल पडताना तिच्या चेहऱ्यावर एक क्षण खरं काहीतरी येतं, तिलाही ते पटलेलं नाही असं काहीतरी, आणि लगेच कॅमेरा बेडकाकडं जातो. त्या क्षणासाठी मला तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटलं.

पण हे सगळे राग एका बाजूला. इंदापूरहून परतीच्या एसटीत बसले तेव्हा मला दुसरंच काहीतरी सुचलं आणि माझे कान तापले. हे सगळं माझ्या नवऱ्याला तोंडपाठ होतं. का? कारण सिनेमा लागायचा त्या शनिवारी साडेपाच ते सव्वासहा मी गोठ्यात असताना तो आत बसून तोच भाग बघत होता. ज्या पाऊण तासात मी धार काढायचे त्याच पाऊण तासात तो पाय पसरून ती सायकल विहिरीत जाताना बघायचा. आणि मी हात पुसत आत आल्यावर कधी एकदाही म्हणाला नाही, बस, तुझं बघायचं राहिलेलं सांगतो. मीही कधी विचारलं नाही. तेवढं बोलणंच आमच्यात नव्हतं.

घरी पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. गाई ओरडत होत्या. नवरा पडवीत बसला होता आणि रिकामी बादली गोठ्याच्या दारात ठेवलेली होती. माझी वाट बघत. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

म्हटलं, "तुमी म्हणाला ते खरं हाय. हिरीत टाकतो तो सायकल."

त्याला बरं वाटलं. "मी म्हटलंच हुतं."

"किती बारी बघितलाय तुमी तो भाग?"

"लागल तितक्या बारी."

"आन् तवा मी कुठं हुते?"

त्यानं गोठ्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. मग म्हणाला, बायकांना तू पुराचं सांगायचीस ते मला बांधावरून ऐकू यायचं, तुला बरं वाटत होतं म्हणून मी मोडलं नाही. हे तो खरं बोलत होता. तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं. एक क्षणभर माझा राग पाय घसरल्यासारखा झाला. पण मग आठवलं की तेच त्यानं रविवारी पान खाता खाता लेकीवर फेकलं होतं. माझं बरं वाटणं त्यानं इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आणि लेकीची नोकरी घालवायच्या वेळी बाहेर काढलं.

मी म्हटलं, मी उद्या बारामतीला जाणार आहे, बाळाला सांभाळायला. लेक कामावर जाईल. दर रविवारी येत जाईन.

"आन् गाईंचं?"

"पाऊण तास लागतो. टाइम तुमाला म्हाईतच हाय."

त्या संध्याकाळी धार मी काढली नाही. आत जाऊन बसले. बाहेर बादलीचा आवाज, गाईचा पाय आपटल्याचा आवाज, त्याचं हळू आवाजात गाईला समजावणं, सगळं ऐकू येत होतं. मला उठून जावंसं वाटत होतं, हे लपवत नाही. गाईंची काही चूक नव्हती. पण बसून राहिले. दूध थोडं कमी निघालं आणि माप बंद व्हायच्या आत पोचलं. दुसऱ्याचा हात गाईंना चालला.

बारामतीला जावयानं दार उघडलं तेव्हा माझ्या हातातली मोठी पिशवी बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं विचारलं, "मामी, किती दिवस?" मी म्हटलं, पोरगं शाळेत जाईपर्यंत. तो आत गेला. नंतर लेकीला म्हणाला की हा निर्णय आपल्या दोघांचा होता, त्यात तुझ्या आईनं यायला नको होतं. लेक म्हणाली, दोघांचा नव्हता, तुझा होता. हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पुढचे दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. जेवायला वाढलं की मान खाली घालून जेवायचा. मला त्याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं याचाही राग यायचा. आम्ही बाया असल्या माणसाचं तोंड उतरलेलं बघू शकत नाही, ह्याच्यावर तर सगळं चालतं. आता जावई बोलतो. पण त्याला अजून पटलेलं नाही, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे.

लेक कामावर रुजू झाली. तिला मी सिनेमाचं खरं सांगायला आठ दिवस लावले. मला वाटलं होतं ती हसेल. ती भडकली.

"म्हणजे तू रचलंस ते?"

मी म्हटलं, मला खरंच वाटत होतं.

मग तिनं मला जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. नर्सिंगच्या प्रवेशाला मुलाखत होती, तेव्हा तिला विचारलं होतं की नर्सच का व्हायचंय. तिनं तो पूर सांगितला. समोरच्या एक मॅडम म्हणाल्या, हा सिनेमा मी पाहिलाय, असा प्रसंग मला आठवत नाही. माझ्या लेकीनं त्यांच्याशी वाद घातला. माझी आई सांगते म्हणजे असणारच, असं म्हणाली. बाकीचे हसले. ती सतरा वर्षांची होती. मला हे ऐकून जमिनीत गेल्यासारखं झालं. तिचा राग बरोबर होता. माझ्यासारख्याच खात्रीनं ती चारचौघांत बोलली होती आणि माझ्यासारखंच तिच्यावर हसले होते, आणि ते माझ्यामुळं.

त्या दिवशी ती न बोलता ड्युटीवर गेली. दोन दिवस तशीच. तिसऱ्या दिवशी कामावरून आली, बाळाला घेतलं, पाजत बसली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ती पलीकडची बाई वाचते का पण? ते तू कधीच नीट सांगितलं नव्हतंस."

"वाचती. मुलगी हुती तिला."

"हे आत्ता ठरवलंस."

"व्हय."

ती हसली नाही. पण बाळ झोपल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि पायाला तेल लावून दे म्हणाली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात.

आता सव्वा वर्ष झालं. पाचांतल्या तीन गाई नवऱ्यानं विकल्या, दोन ठेवल्यात. त्यांची धार तोच काढतो. सुरुवातीला रोज फोन करायचा, ही लाथ मारते, ती पान्हा सोडत नाही, कसं करू. मी सांगायचे. आता फोन कमी झाले. रविवारी मी पिंपळीला जाते तेव्हा गोठ्यात जाऊन गाईंना हात लावून येते, बादलीला लावत नाही. आमचं बोलणं पूर्वीपेक्षा वाढलंय. निम्मं भांडण असतं, पण बोलणं असतं.

दुपारी नातू झोपला की मी सिनेमे बघते. पुरे बघते. चांगले निघतात, भिकार निघतात. जे आवडतात ते पुन्हा लावते आणि दुसऱ्यांदा बघताना जास्त नीट बघते, कोण कुठं चालतंय, कोण कुणाच्या मागं उभं आहे, हसायला कुठं लावलंय. त्या एका सिनेमाचं विचाराल तर तो मी लग्नापर्यंत अजूनही बघते. एसटी, ट्रंक, ती टपावरून उतरणारी सायकल, तेवढं माझंच आहे, ते मी का सोडू? पुढचं ज्यांनी केलं त्यांच्यातलं बहुधा कोणी जिवंत नसेल. असतील तर त्यांना माझं एकच विचारणं आहे, की त्या बाईला एवढ्या लांबून, एवढ्या ऐटीत गावात आणलंत ती काय ताक घुसळायला? राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही. त्या रागाबरोबरच मी बारामतीत नीट जगते आहे.